घेऊन टाका

माझा नवरा कॉम्प्युटरच्या दुकानात सेल्समन आहे. गिऱ्हाईक जरा घुटमळलं की हा म्हणतो, "घेऊन टाका!" दुकानात त्याचं नावच 'घेऊनटाका' पडलंय. घरी मात्र एकच पालुपद: थांब.

मी कपड्यांच्या कटिंगचे नमुने कॉम्प्युटरवर काढते. माझं मशीन पार थकलंय. बाही काढता काढता स्क्रीन काळा होतो. नवं मागितलं, तर म्हणे प्रोसेसरची जातच बदलली, तुझं सॉफ्टवेअर त्यावर चालायचं नाही, पहिला लॉट घेऊ नये. दुसरा लॉट आला, तर म्हणे पुढचा येऊ दे. मग म्हणे भाव उतरू देत. अगदी वीट आला होता मला.

अशात नाटकवाल्यांच्या कोटांचं काम मिळालं. माझं पहिलंच मोठं काम. "शुक्रवारी नमुने हवेतच, नाहीतर दुसरीकडे देऊ," असं त्यांनी बजावलं होतं. गुरुवारी सकाळी मशीनने मान टाकली. नवऱ्याला फोन केला. "संध्याकाळी बघतो, तोवर थांब."

माझं डोकंच फिरलं. तडक दुकान गाठलं. तिथे हा एका काकांना सांगत होता, "थांबायचं म्हटलं तर जन्मभर थांबाल, काका. नवीन काहीतरी येतच राहणार. घेऊन टाका!"

काकांनी पाकीट काढलं. मी पुढे झाले. "मलाही हेच द्या."

त्याने आवाज खाली आणला. "अगं, तू थांब ना. पुढच्या महिन्यात..."

काकांनी पाकीट परत खिशात घातलं. गल्ल्यावरच्या मालकाने मान वर केली. नवऱ्याचा चेहरा पडला. "घेऊन टाक," तो कसाबसा म्हणाला, आणि काकांकडे बघून हसला. काका निघूनही गेले.

घरी आल्या आल्या नवं मशीन लावलं. भरभर सुरू झालं, मी खूश. मग माझं सॉफ्टवेअर टाकलं. ते उघडेना. पुन्हा टाकलं, तरी तेच. संध्याकाळी तो आला, माझ्या मागे उभा राहिला.

"बोल ना एकदाचं, 'मी सांगितलं होतं' म्हणून!" मी खेकसले.

तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जुनं मशीन उघडून बसला. तो गप्प बसला याचाच मला जास्त संताप आला.

तेवढ्यात नाटकवाल्यांचा फोन आला. उद्या नक्की ना, विचारत होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"अहो," मी फोनवर म्हटलं, "जरा थांबाल का?"