अक्कांच्या बरण्यांची चव

अक्का पहिल्यांदा माझ्या घरी आल्या त्या हळदीकुंकवाला, आणि अर्ध्यातून उठून गेल्या. जाताना ओट्याखालच्या टोपलीतले चार सुकत चाललेले दोडके उचलून घेऊन गेल्या. मला विचारलंही नाही. संध्याकाळी भिंतीवरून दोन वाट्या आल्या. एकीत दोडक्याची मूगडाळ घातलेली भाजी, दुसरीत त्याच दोडक्यांच्या सालींची तीळ घालून परतलेली चटणी. सोबत निरोप होता, "चांगल्या भाजीले असं मरू देऊ नही." मी धुळ्याहून दीपनगरच्या वसाहतीत शाळेवर शिक्षिका म्हणून आले, त्याला तेव्हा महिनाच झाला होता.

अक्का शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, वीजकेंद्रात नोकरीला होते. मुलगा-सून गावी, असोद्याला, शेती पाहत. क्वार्टरच्या मागे जेमतेम चार खाटा मावतील एवढी जागा होती, तीत अक्कांनी वांगी, मिरच्या, गवार, भेंडी, टोमॅटो, पुदिना, सगळं लावलं होतं. परसातल्या भाजीची खोड अशी की ती येते तेव्हा एकदम येते. माणसं घरात दोनच. मग वसाहतभर वाटून जे उरे ते अक्का टिकवत. गवार वाफवून उन्हात, पुदिना सावलीत, टोमॅटोच्या फोडी मीठ चोळून सुपात. वांगी भाजून त्यांचा गर डब्यांत भरून ठेवत, त्यामुळे त्यांच्या फ्रीजरमध्ये बर्फाला कधी जागा नसे. भर पावसाळ्यात आलेल्या पाहुण्यालाही त्यांच्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर उन्हाळ्यातली गवार मिळे.

मला हे शिकायचं होतं. मी वही घेऊन बसले. पण मिरची किती दिवस मुरवायची, मसाला किती भाजायचा, काहीही विचारलं तरी उत्तर एकच येई, की वास येईल तेव्हा. बरणीचं फडकं सोडलं की त्या डोळे मिटून क्षणभर वास घेत आणि निकाल देत. माझ्या वहीत पानोपानी 'वास येईपर्यंत' एवढंच लिहिलेलं होतं. शेवटी मी ती वही ठेवून दिली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघांनाही लागण झाली. भाऊ घरीच बरे झाले. अक्का बरेच दिवस दवाखान्यात राहून आल्या, निम्म्या होऊन. ताप गेला, खोकला गेला, पण वास आणि चव दोन्ही गेली ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. अक्का वाट पाहायला तयार नव्हत्या. उठता येऊ लागल्याबरोबर त्यांनी मिरचीचं लोणचं घातलं.

आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा भाऊ जेवत होते. अक्कांनी मला लोणच्याची फोड दिली. तोंडात घालताच कुबट वास नाकात गेला. मी चेहरा लपवायचा प्रयत्न केला, पण अक्का माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी भाऊंच्या ताटाकडे पाहिलं. ताटात तेच लोणचं होतं, निम्मं संपलेलं.

"तुम्हाले कळलं व्हतं?" अक्कांनी विचारलं.

भाऊ खाली बघून म्हणाले, "तू किती दिवसांनी उठून केलं व्हतं."

अक्का उठल्या. बरणी मागे नेऊन खड्ड्यात रिकामी केली, धुतली, उपडी घातली. आणि त्या दिवसापासून परसात जायचं सोडलं.

मिरच्या झाडावर लाल होऊन सुरकुतू लागल्या. वांगी पिवळी पडली, गवार निबर झाली. भाऊ कामावरून आले की थोडं तोडत आणि दारात येणाऱ्या गाईला घालत. अक्का खिडकीशी बसलेल्या दिसत, पण त्यांची नजर परसाकडे नसे. तीन आठवडे मी हे पाहिलं. एका रविवारी न विचारता टोपली घेऊन त्यांच्या परसात शिरले आणि जमेल ते तोडून त्यांच्याच अंगणात पसरलं. गवार वाफवायची राहिली. पुदिना मी भर उन्हात घातला, तो दुपारपर्यंत काळा पडला.

अक्का भिंत धरत बाहेर आल्या. त्यांनी पुदिन्याकडे बघितलं. "उन्हात?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मला येत नाही, तुम्ही सांगा. मला वास येत नाही तर मी काय सांगणार, असं त्यांचं म्हणणं. मला तर येतो ना, मी म्हटलं, तुम्ही फक्त विचारत जा. त्यांनी काळा पडलेला पुदिना बाजूला सारला. मग बादली पालथी घालून सावलीत बसल्या आणि गवार आधी उकळत्या पाण्यातून काढून आण म्हणाल्या.

तिथून आमची शाळा सुरू झाली, आणि विद्यार्थिनी मी होते. तिखट जिभेच्या टोकाला लागतं की घशात? आंबट आधी येतं की मीठ? मेथीदाणा भाजल्याचा वास गोडसर आहे की जळका? पहिल्याच दिवशी मी "छान लागतंय" म्हटलं, तर अक्का चिडल्या. "छान म्हनजे काय? शाळेत पोराईले असंच शिकवतीस?" नाकाला चाळीस वर्षं जे ठाऊक होतं ते आता त्यांना शब्दांत मांडावं लागत होतं, आणि मांडता मांडता त्यांचं त्यांनाच नवल वाटे. माझी वही भरत गेली. त्याही नव्या खुणा शोधू लागल्या. वाळलेली गवार मुठीत घेऊन कानाशी हलवत, टोमॅटोची फोड बोटांनी वाकवून बघत. भाऊंना मात्र तंबी होती, जेवताना खरं बोलायचं. निवृत्तीला आलेल्या त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा जेवणाला नावं ठेवली, आणि पुढे त्यांना त्यात गोडीही वाटू लागली.

दिवाळीच्या आसपास मी घरात पेपर तपासत बसले होते. भिंतीपलीकडून अक्कांची हाक आली, "मास्तरीन, दूध लागलं तुहं." मी धावत जाऊन गॅस बंद केला, आणि मग माझ्या लक्षात आलं. करपलेलं पातेलं फडक्यात धरून तसंच भिंतीपाशी नेलं. अक्कांनी ते पदरानं धरून त्यात नाक घातलं आणि रडायलाच लागल्या. पुढे वास येत गेला, पण तुकड्यातुकड्यानं. काही वास आले, काही आलेच नाहीत. बरणी उघडायच्या वेळी त्या मला हाक मारतच राहिल्या.

पुढच्या वर्षी भाऊ निवृत्त झाले आणि दोघं असोद्याला गेली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा परसात वांगी लगडलेली होती. तोडून देऊ का, मी विचारलं. अक्का नको म्हणाल्या. क्वार्टरमध्ये नवीन येणाऱ्यांना पहिल्या दिवशी भाजी नको का?

यंदा एप्रिलमध्ये मी बसनं असोद्याला गेले. अक्का ओसरीत परात घेऊन बसल्या होत्या. सून आणि गल्लीतल्या दोघी जणी भोपळा किसत होत्या, सांडगे घालायचे होते. मला बघताच अक्कांनी सगळ्यांना थांबवलं आणि परातीतलं चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं. मी चाखलं. मीठ थोडं कमी आहे, म्हटलं. त्यांनी मिठाचा डबा माझ्याकडे सरकवला.

"किती घालू?" मी विचारलं.

"मले काय इचारतीस? तुही जीभ, तुले माहीत."

मी मीठ घातलं. अक्कांनी पीठ कालवलं, कोणालाही पुन्हा चाखायला न देता पहिला सांडगा घातला आणि परात सुनेकडे दिली.