दोनशे चाळीस किलोंची बेडरूम

झोपायच्या खोलीचं वजन किलोत सांगू शकणारा माणूस सबंध पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझा साडू आहे. इतर लोक बेडरूम हवेशीर आहे म्हणतात, पूर्वेची आहे म्हणतात, हा म्हणतो, "दोनशे चाळीस किलो हाय. उतरवायला पाहिजे." पहिल्यांदा हे वजन त्याने खरोखर करवून घेतलं होतं. रस्त्याने चाललेल्या भंगारवाल्याला काट्यासकट वर बोलावलं आणि कपाट, ड्रेसिंग टेबल, गाद्या, एकेक वस्तू तोलून पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतली. भंगारवाल्याला वाटलं, आज नशीब उघडलं. "घिऊन जाऊ न्हवं सगळं?" त्याने हात झटकत विचारलं. "न्हाय, नुसतं बघायचं होतं," साडू म्हणाला. भंगारवाल्याने गादीवर बसलेल्या माझ्या मेहुणीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वैनी, सायबांची तब्येत बरी हाय न्हवं?"

साडू राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवतो आणि भाड्याच्या घरात राहतो. राजारामपुरी सोडून तो कधी गेला नाही आणि राजारामपुरीच्या एकाही गल्लीत टिकला नाही. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालकाच्या मुलाचं लग्न ठरतं, नाहीतर मालकाला अचानक पुण्याची बहीण आठवते, आणि आमचा साडू पुन्हा टेम्पोत पुढे बसलेला दिसतो. नऊ घरं झाली. या प्रवासातून त्याचं एक तत्त्वज्ञान तयार झालं, आणि तत्त्वज्ञान झालेला माणूस घरच्यांना किती जड जातो, हे त्याला कोणी तोलून दाखवलेलं नाही. "जी वस्तू दोन माणसांना न बोलता जिन्यातून उतरवता येत नाही," तो म्हणतो, "ती फर्निचर न्हवं. ती भांडण हाय." नवीन घर पाहायला गेला की माझी मेहुणी मालकिणीला पाणी किती वाजता येतं ते विचारते, हा तेव्हा जिन्याच्या वळणावर उकिडवा बसून टेपने भिंत मोजत असतो. टेप त्याच्या खिशात कायम असतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्याने अक्षतांसाठी खिशात हात घातला, तेव्हाही आधी टेपच निघाला.

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या झटक्यात ड्रेसिंग टेबल गेलं. आरसा तेवढा उरला, तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला, त्यामुळे मेहुणी कित्येक दिवस कुंकू लावताना दूध उतू घालवत होती. मग लोखंडी कपाट गेलं. त्या जागी साडूने भिंतीला एक पाइप ठोकला आणि सगळे कपडे हँगरवर ओळीने लावले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आजोबांनी उघड्या दारातून आत डोकावून दोन शर्ट पुढे केले आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत इस्त्री करून मिळतील काय?" साडू घरात नव्हता. मेहुणीने शर्ट ठेवून घेतले, इस्त्री केले आणि साडू आल्यावर त्याच्या हातात दिले. "जावा, पोचवून या. धंदा तुम्हीच काढलाय." तो मुकाट्याने पोचवून आला. एवढी गंमत असूनही खोली खरोखर हलकी झाली होती, हे कबूल केलं पाहिजे. दोनशे चाळीसची एकशे साठवर आली. त्यातले एकशे वीस किलो मात्र एकट्या पलंगाचे होते, आणि त्या पलंगाला हात लावायची सोय नव्हती.

हा पलंग माझ्या सासऱ्यांनी दिलेला. सासरे गारगोटीकडचे शाळामास्तर. त्यांच्या परड्यात एक जुना फणस होता. थोरलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या लग्नाआधी तो त्यांनी पाडला आणि गावच्या सुताराकडून त्या एका झाडाचे दोन पलंग करून घेतले, एक थोरलीला, एक धाकटीला. पिवळाधमक फणस, उशाकडच्या फळीवर मोर कोरलेला. माझ्याकडचा पलंग माझ्याच घरात पंचवीस वर्षं एका जागी उभा आहे. त्याच्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. साडूचा पलंग मात्र आठ वेळा गॅलरीतून दोराने उतरला आणि आठ वेळा दुसऱ्या गॅलरीत चढला. तो अधांतरी लोंबकळत असताना खाली कोल्हापूर जमायचं. "डावीकडं घ्या पावणं!" "आरं, मोराचं तोंड घासतंय की!" एकदा एक जण स्कूटर बंद करून शांतपणे म्हणाला, "माणूस झोपलाय काय वर? मग एवढं जपून कशाला?" साडू दरवेळी हात जोडून बायकोला म्हणायचा, "एक साधी खाट घेऊ." मेहुणीचं उत्तर ठरलेलं होतं. "पलंग जाईल तिथं मी. पलंग विकला तर मी गारगोटीला."

दहावं घर चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट दोन माणसांची होती, जिना त्याहून अरुंद आणि गॅलरीला जाळी. साडूने तीनदा मोजलं. पलंग कुठल्याच वाटेने जात नव्हता. त्याच सुमारास मेहुणी दोन दिवस मैत्रिणीकडच्या लग्नाला हातकणंगल्याला गेली होती. साडूने सुतार बोलावला, आणि मला फोन केला, "साडू, जरा एक टोक धरायला या." मी गेलो आणि टोक धरलं. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला निर्दोष समजू नये. सुतार म्हातारा होता. त्याने पलंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मालक, जरा खालनं बघू काय?" साडूच्या हातात टेप होता, आणि टेप हातात असला की तो कोणाचं ऐकत नाही. "बघायचं न्हाय. कापायचं. बरोबर मधनं." सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी मोराकडे पाहिलं. अर्ध्या तासात उभा छेद जाऊन पलंगाचे दोन पलंग झाले. मोराचं तोंड एका फळीवर आणि पिसारा दुसरीवर. कापल्या बाजूंना नवे पाय बसले, मधे नट-बोल्ट. लिफ्टमध्ये अर्धा-अर्धा उभा करून पलंग वर गेला, तेव्हा साडूच्या चेहऱ्यावर एखादं प्रमेय सिद्ध झाल्याचा आनंद होता.

मेहुणी आली. तिने चादर उचलून पाहिली आणि ओरडली नाही. साडू ओरडा ऐकून घ्यायची पूर्ण तयारी करून बसला होता. ही तयारी वाया गेली आणि तो घाबरला. "आबा सोमवारी डोळे दाखवायला येणार हायत," ती म्हणाली. "त्यांना तुम्हीच सांगा. त्यांनी तुमची बाजू घेतली तर मी पण काय बोलणार न्हाय. न्हायतर त्यांच्याबरोबर मी निघाले." आणि पिशवी रिकामी न करता तशीच दाराशी ठेवली. चार दिवस ती पिशवी तिथेच होती आणि साडू तिला वळसा घालून ये-जा करत होता.

सोमवारी मी बायकोला घेऊन मुद्दाम हजर झालो. साडूने पलंगावर दोन चादरी, त्यावर सोलापुरी चादर आणि वर रग घातला होता. त्या उन्हाळ्यात तो पलंग थंडी वाजून आजारी पडल्यासारखा दिसत होता. सासऱ्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने धूसर झालेले. साडूची सगळी भिस्त त्यावर होती. पण मास्तर माणूस. ते बसले, हात टेकला, आणि बोटं सरळ त्या फटीवर गेली. ती फट त्यांनी उशापासून पायथ्यापर्यंत चाचपली. मग ते हळूच खाली बसले आणि पलंगाखाली हात घालून पायाच्या आतल्या अंगाला काहीतरी शोधू लागले.

"मामा, जिना अरुंद हाय, लिफ्ट बारकी हाय," साडू एका दमात बोलायला लागला.

"पाचरी तर जागच्या जागी हायत," सासरे म्हणाले. "मग कापला कशाला?"

"कसल्या पाचरी?"

"बत्ता आण गं."

मेहुणीने बत्ता आणला. त्यांनी अंदाजाने खालून दोन ठोके दिले आणि बोटभर लाकडाची पाचर त्यांच्या तळहातावर पडली. पलंगाची लांब बाजू पायातून अलगद सुटून आली. "चार पाचरी काढल्या की सहा तुकडं," ते म्हणाले. "एकेक तुकडा एका माणसानं काखंत मारून न्यायचा. पावणं, मी सारी नोकरी बदल्यांत काढली. अकरा गावं. माझ्या पोरींना न सुटणारा पलंग दीन व्हय मी?"

"मग सांगितलं न्हाई कधी?" हे मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? पलंग हलवणारा माणूस एकदा तरी खाली वाकून बघतोच की."

माझा साडू जिने, लिफ्ट, गॅलऱ्या, दारं, सगळं मोजून बसला होता. तो भिंतीला टेकून उभा राहिला. खिशातला टेप काढून त्याने खिडकीत ठेवला. मेहुणी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहत होती, आणि सासरे मुलीकडे. पिशवी दाराशी का आहे ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी पाचर परत जागेवर ठोकली आणि रग बाजूला सारून ते मोराच्या तोंडाकडच्या अर्ध्यावर आडवे झाले. "बरं झालं कापला ते," ते म्हणाले. "मला आता एवढाच लागतो." सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मेहुणीने पिशवी उचलली आणि आत नेऊन रिकामी केली.

ऑपरेशननंतर सासरे तिथेच राहिले. एक डोळा सुधारला, दुसरा नाही. मोराच्या तोंडाचा अर्धा पलंग त्यांच्या खोलीत गेला. साडूचा करार दोनदा संपला आणि दोन्ही वेळा त्याने वाढवून घेतला. मालकाने पुण्याची बहीण काढली, तेव्हा हा क्लास बुडवून त्याच्या दारात बसून राहिला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मामांना पलंगापासनं बाथरूमपर्यंत नऊ पावलं पाठ झाल्यात. नव्या घरात परत कुठं मोजत बसतील?"

परवा रविवारी तो आमच्याकडे आला आणि चहा टाकेपर्यंत थेट माझ्या पलंगाखाली शिरला. मग ठोके ऐकू आले. मी वाकून पाहिलं, तर तो उताणा पडून, एक पाचर तळहातावर घेऊन, मोबाइलच्या उजेडात न्याहाळत होता. बऱ्याच वेळाने ती त्याने परत होती तिथे बसवली आणि केसांना पंचवीस वर्षांची धूळ लावून बाहेर आला.

"काय साडू, निघते काय?"

"निघते की," तो म्हणाला. "अगदी सहज निघते." आणि पलंगाला पाठ टेकून तिथेच फरशीवर बसला. त्याच्यापुढे ठेवलेल्या चहावर साय धरली, तरी त्याने कप उचलला नाही.