कोचच्या बाजूने आमचे भाऊजी

अपमानात कौतुक शोधून काढण्याची स्पर्धा ठाणे जिल्ह्यात कधी भरलीच, तर आमच्या भाऊजींसमोर दुसरं कुणी उभं राहणार नाही. मोहने गावात राहणारा हा पापभीरू माणूस, दूधवाल्याशीसुद्धा दबक्या आवाजात बोलणारा. पण लेक कल्याणच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या संघात निवडली गेली आणि तिथल्या कोचने भाऊजींवर गारूडच केलं. कोचचा खाक्या असा, की बास्केट चुकली तर मुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार आणि पडली तर नुसतं "नशीब!" सामना जिंकला की तो सगळ्या पोरींना मैदानाभोवती पळवायचा, का, तर त्यांनी माजू नये.

सामना संपला की मैदानाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर पालकांची आणि जुन्या खेळाडूंची सभा भरायची. विषय एकच, पोरींना असं टाकून बोलावं का? शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणायच्या, "अहो, पाठीवर हात ठेवला तरी पोरी धावतात." की भाऊजी उसळलेच. "मॅडम, पाठीवर हात ठेवला तर मांजर झोपतं! हा माणूस वाघिणी तयार करतोय." मग निम्मी सभा त्यांच्या बाजूने, निम्मी बाईंच्या, आणि वडे थंड.

हे वेड घरातही शिरलं. दूध उतू जायला लागलं की ते माझ्या बहिणीला "डिफेन्स, डिफेन्स!" म्हणून ओरडायचे. माझ्या मुलाच्या मुंजीत जिलबी डावीकडच्या पंगतीपर्यंत पोचेना, तेव्हा त्यांनी वाढप्यांना कोपऱ्यात नेऊन चक्क टाइमआउट घेतला आणि सगळ्यांना कोचच्या थाटात झापलं. जिलबी पोचली, पण मठ्ठेवाला रुसला तो रुसलाच.

या सगळ्यात भाची कुठे होती? बाकावर. कोच तिला खेळवायचा नाही आणि ओरडायचाही नाही. ती इतरांना पाण्याच्या बाटल्या द्यायची, टाळ्या वाजवायची आणि बापाकडे बघून हसायची. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊजी, आपल्या पोरीला तो कधी एक शब्दही का बोलत नाही?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुला नाही कळायचं रे. कच्च्या पोरींना शब्द लागतात. हिला तो न बोलता पेटवतोय." मला चीड यायची. कोचची यायचीच, पण भाऊजींची जास्त यायची.

भाचीच्या शेवटच्या वर्षातला शेवटचा सामना ठाण्याला होता. भाऊजी पेढे घेऊन आले होते. आमचा संघ भरपूर पुढे होता, म्हणून कोच एकेका दमलेल्या मुलीला बाहेर घेत होता. शेवटी बाकावर एकटी भाची उरली. त्याने तिच्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ए, नाव काय गं तुझं?"

"टी-शर्टवर लिहिलंय, सर," भाची म्हणाली आणि आत गेली. जेवढा वेळ मिळाला तेवढा जीव तोडून खेळली. एक बास्केटही केली. कोच तेव्हा फोनवर होता.

बाहेर चहाच्या टपरीवर सगळे जमले, पण वाद कुणी काढला नाही. बाईंनी भाऊजींच्या हातात चहा दिला. शेवटी भाऊजीच बोलले, "मुद्दाम विचारलं त्याने. डिवचलं तिला. म्हणून तर अशी खेळली!" कुणीच खोडून काढेना, तसा त्यांचा आवाज कापायला लागला. तेव्हा भाची पुढे आली. "हो बाबा, म्हणूनच खेळले." ती इतकी वर्षं त्या बाकावर कुणासाठी बसली होती, हे मला तेव्हा समजलं. एवढ्याशा पोरीवर ही वेळ यायला नको होती.

आता ती घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात कामाला जाते. भाऊजी मैदानाकडे फिरकत नाहीत. परवा मी गेलेलो, तेव्हा जेवता जेवता त्यांनी तिला विचारलं, "काय गं, तुझा साहेब ओरडतो का?"

"नाही बाबा. नावाने हाक मारतो."

भाऊजींनी तिच्या ताटात भात वाढला. मग म्हणाले, "चांगला माणूस दिसतोय."