अण्णा, त्यांचे चुलते आणि सुनीताचा फॉर्म

"गॉगल घातलेला जाड माणूस," कॉम्प्युटर खणखणीत आवाजात म्हणाला.

केबिनमध्ये कॉलेजच्या नव्या साइटचं टेस्टिंग चाललं होतं आणि कॉम्प्युटर एका फोटोचं वर्णन वाचत होता. ज्यांचा तो फोटो होता ते अण्णा, म्हणजे लातूरच्या एका कॉलेजचे अध्यक्ष, समोरच बसले होते. गॉगल घालून. आणि ते वाक्य मी लिहिलेलं होतं.

माझं नांदेडला वेबसाइट बनवायचं छोटंसं ऑफिस आहे. ज्यांना दिसत नाही ते लोक स्क्रीन रीडर वापरतात. हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं. फोटोसाठी मात्र आपल्याला मागे एक न दिसणारी ओळ लिहावी लागते. तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. न दिसणारी म्हणून मी कामचलाऊ काहीतरी खरडून ठेवलं होतं. टेस्टिंगच्या आधी बदलू म्हटलं, आणि विसरलो.

"नीट लिहा," अण्णा म्हणाले. "बॅनरवर लिहितात तसं."

मी इतका घाबरलो होतो की तसंच लिहिलं. युवकांचं आशास्थान, शिक्षणाचा दीपस्तंभ, सगळं. साइटच्या डोक्यावर अण्णांच्या वाढदिवसाचं बॅनर फिरत असायचं. त्यात गोल फोटोंमध्ये शुभेच्छुक: उपाध्यक्ष, चिटणीस आणि अण्णांचे सगळे चुलते. एकाला वगळलं तर दुसऱ्या दिवशी फोन. त्यांची नावंही मानाप्रमाणे त्या न दिसणाऱ्या ओळीत घातली.

ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी मी लातूरला निघालो होतो. बस लोह्याच्या पुढं गेली आणि हदगावहून सुनीता नावाच्या मुलीचा फोन आला. तिला दिसत नाही, बीएला लातूरला यायचं होतं. माझा नंबर तिला कॉलेजनं दिला होता.

"सर, सकाळपासून फॉर्म शोधून राहिले. तुमची साइट नुसत्या शुभेच्छा देऊन राहिली."

"खाली आहे फॉर्म. पुढं जा ना."

"जाऊनच राहिले की! चुलत्यांपर्यंत पोचते, तवर बॅनर बदलतं. परत अण्णा सुरू."

"घरातलं कुणी भरून देईल का?"

"भाऊ देईल. मग वर्गातपण भावालाच बसवू का?"

लातूरला उतरलो तो थेट अण्णांकडं गेलो.

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या म्हणालो, "अण्णा, डोळे मिटा आणि ॲडमिशनचा फॉर्म उघडून दाखवा."

गॉगलमागे डोळे मिटलेत की नाही कळेना, म्हणून मॉनिटरच बंद केला आणि स्क्रीन रीडर सुरू केला. पहिल्या फेरीला अण्णा खूश. "आवाज भारी हाय." दुसऱ्या फेरीला त्यांनी गॉगल काढला. तिसऱ्या फेरीला मधले चुलते आले, बॅनर फिरलं आणि पुन्हा 'युवकांचं आशास्थान'.

"अरे हाव बाबा, मीच हाय! कळलं! फॉर्म कुठाय?"

"तुमच्या खाली, अण्णा."

"मग काढा मला तिथून."

"फोटो राहू द्या. शोभेचं चित्र म्हणून टाकतो, म्हणजे ते वाचलंच जाणार नाही."

"शोभेचं?" अण्णा थबकले. "आणि चुलते?"

"तेही शोभेचे."

अण्णांनी दाराकडं बघितलं. "करा. पण चुलत्यांना सांगू नका."

मी तिथंच बसून ऑल्ट टेक्स्ट रिकामं केलं, बॅनर फिरायचं थांबवलं आणि फॉर्मची लिंक वर आणली. थोड्या वेळानं सुनीताचा फोन आला.

"सर, साइट लई शांत झाली. फॉर्म गेला."

फोटोचं वर्णन कसं करायचं हे कुठंही शिकता येतं. कुठं गप्प बसायचं, ते मला लातूरला कळलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगायला बसलो. सुनीताचा फोन सांगितला, मग बॅनरवर कोण कोण होतं ते. चिटणीस संपवून चुलत्यांवर आलो, तशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, त्या पोरीचा फॉर्म गेला का न्हाई तेवढं आधी सांगा. चुलते मग बघू."