कबुतर खाली उतरेपर्यंत

उस्मानभाई ज्याच्याकडे बोट दाखवायचे, ते आम्हाला कधीच दिसायचं नाही. अजमानच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं राहून ते वर हाक मारायचे, "भाभी, चहा टाका. साहेब आले. आज ऑफिसात कायतरी बिनसलंय, टाय काढून टाकलीय." मी गॅलरीतून बघायची, तर लांब गोलचक्कराशी नुसत्या गाड्यांच्या काचा चमकत असायच्या. चहा उकळेपर्यंत आमचे हे दारात हजर. टाय हातात, कपाळावर आठी. आमच्या लेकीला लहानपणी वाटायचं, उस्मानअंकल जादू करतात.

मूळचे ते दापोलीकडचे. कुटुंब गावाला आणि हे तळमजल्यावरच्या एका खोलीत. त्यांचा अरबाब, म्हणजे मालक, जुन्या वळणाचा शौकीन माणूस. थंडी पडली की ससाणे, त्याच्या बोलीत शाहीन, घेऊन वाळवंटात शिकारीला निघायचा. उस्मानभाई सामानाची गाडी चालवायचे, मुक्कामाला जेवण रांधायचे. पण ते सगळं वरवरचं हो! त्यांचं खरं काम बघण्याचं. ससाणा सोडला की तो भक्ष्यामागे वाळूच्या टेकड्या ओलांडून जातो, आणि कुठे उतरला ते कळलं नाही तर गेलाच म्हणायचा. तेव्हा सगळी मंडळी उस्मानभाईंच्या तोंडाकडे बघत. ते एक हात वर करायचे. "थांबा, मी बघतो." सगळे गप्प. मग, "हां. उतरला."

मला समजावून सांगायचे, "भाभी, पाखरू जमिनीला टेकेपर्यंत डोळा हलवायचा नाय. कोण काय बोलू दे, पापणी पण नाय मारायची. डोळा सुटला की खलास."

माणूस मोठा गोड. चहाही तसाच प्यायचा, चार चमचे साखर घालून, आणि वर खजूर. मी ओरडायची, तर म्हणायचे, "इन्शाल्ला, काय होत नाय."

पण झालं. एकदा त्यांनी खालून हाक मारली, "साहेब आले!" आणि आली कुणाची तरी टॅक्सी. ते हसले, मीही हसले. मग जिन्यात कठड्याला धरून, पायाने पायरी चाचपत चढताना दिसायला लागले. मी इतकी बडबडी बाई, पण याबद्दल काही विचारायला जीभ उचलेना.

एका संध्याकाळी वर आले. "भाभी, साहेबांची ती क्रिकेटची दुर्बीण जरा बघू?"

आमचे हे शारजाला मॅच बघायला जाताना एक काळी दुर्बीण न्यायचे. धूड होतं नुसतं, कडेवर पोर घ्यावं तसं सांभाळावं लागे. उस्मानभाईंनी ती गॅलरीतून बराच वेळ डोळ्यांना लावली. मग विचारलं, "भाभी, समोरच्या टाकीवर काय लिहिलंय ते तुम्हाला असंच वाचता येतं?"

"येतं की."

ते खुर्चीत बसले. "मला आत्ता आलं."

मग सगळं बाहेर पडलं. साखरेने डोळ्यांचा पडदा खाल्ला होता, आणि गेलेलं परत यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "अरबाबला कळलं तर मी नुसता आचारी उरेन. आणि आचारी त्याच्याकडे दुसरा हाय." त्यांना खिशात मावेल अशी, स्वस्तातली दुर्बीण हवी होती. मुठीत धरली तर लोकांना वाटावं, उन्हासाठी हात आडवा धरलाय. अजमानमधल्या दुकानात जायची सोय नव्हती. तिथे त्यांचे डोळे सगळ्यांना माहीत.

म्हणून शुक्रवारी आम्ही तिघं शारजाला गेलो. बोलायचं मी, आणि घ्यायची साहेबांच्या क्रिकेटसाठी, असं ठरलं. दुकानदार मल्याळी. त्याने आधी लाललाल भिंगांची काढली. "मॅडम, ये देखो. रशियन लोग बहुत लेके जाता है."

उस्मानभाईंनी ती दाराशी उन्हात नुसती हलवली. "आरशासारखी चमकतेय. शिकारीला जायचंय भाभी, लग्नाला नाय." बोलून गेले आणि जीभ चावली. दुकानदार बघायला लागला. मी म्हटलं, "आमच्याकडे मॅचला शिकारच म्हणतात," आणि ह्यांना ठसका लागला.

दुसरी दहापट मोठं दाखवणारी होती. पण हाताच्या कंपाने चित्र सारखं थरथरायचं, आणि वरचं पाखरू भिंगात सापडेपर्यंत निघून जायचं. शेवटी मिळाली ती आठपट दाखवणारी. मधून दुमडायची, घडी घातली की साबणाच्या वडीएवढी. चाक एका बोटाने फिरायचं. उस्मानभाईंनी ती कानाशी धरून हलवली, आत काही खुळखुळत नाही ना म्हणून. "ऐंशी दिरहॅम, म्हणजे आठशे रुपये," आमचे हे मोठ्याने म्हणाले. तशी सवयच होती आम्हा सगळ्यांना.

आता सराव हवा. म्हणून त्याच दिवशी मी त्यांना आमच्या गच्चीवर नेलं. संध्याकाळची कबुतरं गिरक्या घेत होती. "एक धरा आणि ते बसेपर्यंत सोडू नका," मी म्हटलं. त्यांचंच वाक्य त्यांना. त्यांनी एक पांढरं कबुतर धरलं. किती दिवसांनी चेहरा खुलला होता! "हां भाभी, दिसतंय. वळलं. आता खाली येतंय..." मी लेकीचे कपडे दोरीवरून काढत होते. कबुतर खाली खाली गेलं, डोळ्यांना लावलेली उस्मानभाईंची दुर्बीण त्याच्याबरोबर खाली खाली गेली, आणि पलीकडच्या अरबी घराच्या उंच भिंतीवरून थेट अंगणात उतरली. तिथे घरातल्या बायका बसल्या होत्या.

आरडाओरडा झाला. त्या भिंती इतक्या उंच बांधतात त्या कशासाठी, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. उस्मानभाईंना माहीत होतं, मला माहीत होतं. आणि दोघांच्याही डोक्यात फक्त कबुतर होतं.

थोड्याच वेळात पार्किंगमध्ये त्या घरचे म्हातारे गृहस्थ उभे. त्यांनी उस्मानभाईंच्या अरबाबलाही बोलावून घेतलेलं. गॅलऱ्यांमध्ये सगळी बिल्डिंग गोळा झालेली. "मीच वर नेलं होतं त्यांना," हे मी मोडक्या हिंदीत सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

"क्या देखा?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"कबूतर, बाबा."

मागे कुणीतरी हसलं. अरबाबने दुर्बीण हातात घेऊन उलटीसुलटी केली. आवाज चढवला नाही. "उस्मान, तुम्हारा आँख दूरबीन माँगता नहीं. मेरा शाहीन आसमान में तुम खाली आँख से देखता. फिर ये किसके लिए?"

उस्मानभाईंच्या नजरेचं ते सगळं कौतुक त्या घडीला त्यांच्यावरच उलटलं होतं. मला राहवेना. मी तोंड उघडलं, तशी उस्मानभाईंनी माझ्याकडे न बघता एक हात वर केला. तोच हात. थांबा.

मान खाली घालून ते म्हणाले, "अरबाब, मेरे को दिखता नहीं."

अरबाबला ती सबब वाटली असावी. तो चालत फाटकापर्यंत गेला, वळला, खिशातून काहीतरी काढून वर धरलं. "बोलो, ये क्या है?"

उस्मानभाईंनी मान वर केली. डोळे बारीक केले. आपल्याच लोकांसमोर, भर उजेडात. "हाथ में कुछ है," ते म्हणाले. "क्या है, मालूम नहीं."

लेक माझ्या कानाशी कुजबुजली, "मम्मी, कान्ट ही सी? इट्स जस्ट ब्लू बीड्स." मी तिचं तोंड पोटाशी दाबलं. निळ्या मण्यांची जपमाळ होती ती. गॅलऱ्यांमधली माणसं एकेक करून आत गेली. बघवेनाच कुणाला.

म्हातारे पुढे आले, त्यांनी उस्मानभाईंचा हात धरला. "सामिहनी," म्हणाले, मला माफ कर. उस्मानभाई म्हणाले, "नहीं बाबा, नजर नीचे रखने का था." अरबाब जपमाळ मुठीत धरून तिथेच उभा होता. त्याचीही मान खाली.

दुसऱ्या दिवशी मी खिचडी घेऊन गेले, तर दिवा न लावता बसलेले. "भाभी, बायकांकडे बघणारा म्हणून गावाला गेलो असतो, तर बायकोने दारात उभा केला नसता. आंधळ्याला निदान पाट देतील." हसले. मला हसू आलं नाही. गच्चीवर जायची कल्पना माझ्या डोक्यातून निघाली होती, त्यांच्या नाही.

अरबाबने त्यांना काढलं नाही, हे सांगायला हवं. पुढच्या शिकारीला पुढच्या सीटवर बसवून नेलं, पाठीला उशी दिली. कुणी एका शब्दाने बोललं नाही. चढ आला की हात धरायचे. उस्मानभाई परत आले ते कायमचं गावाला जायचं ठरवूनच. "ससाणा सोडला भाभी, आणि सगळे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागले. मी पण बघितलं." मग म्हणाले, "अरबाब माणूस चांगला. तेच सोसत नाय."

जाताना ती दुर्बीण आमच्या ह्यांच्या खिशात घातली. "मॅचला न्या साहेब. ती मोठी मोडीत काढा आता."

विमानतळावर आम्ही तिघं गेलो होतो. काचेच्या दारापर्यंत त्यांना सोडलं. आत सामानाची ढकलगाडी लावून ते वळले, हसले, आणि हात उंच करून हलवायला लागले. आमच्याकडे नव्हे. आमच्या बरंच उजवीकडे एक कुणीतरी कुटुंब उभं होतं, नवरा, बायको आणि आमच्या लेकीएवढी मुलगी. त्यांच्याकडे बघून. ती माणसं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली.

लेक ओरडणार होती, "अंकल, हिअर!" मी तिचा हात दाबला. आम्ही तिघं गर्दीतून सरकत सरकत तिथे जाऊन उभे राहिलो, ते जिथे हात करत होते. आणि तिथून आम्ही हात हलवला.