उतरवलेलं लोखंड

काकूंनी मदत केली, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर गाडीच्या गोष्टीत गाडीच पुढे जाते आणि माणूस मागे राहतो. काकू म्हणजे चौबे कॉलनीतल्या माझ्या घरमालकीण. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून रायपूरचं. मी यवतमाळकडचा, नववीतून शाळा सोडलेला. त्या जेवणाचे डबे करतात, मी माझ्या जुन्या छोट्या गाडीतून ते पोचवतो. मागच्या अंगणातली खोलीही त्यांनीच दिलेली.

अभनपूरच्या एका ऑफिसचं दुपारच्या जेवणाचं काम काकूंना मिळालं होतं. आजवरचं सगळ्यात मोठं. आणि तिथं मी दोनदा उशिरा पोचलो. गाडीत दमच नव्हता. पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरवर यायची, ट्रकच्या मागे लागली की मागेच राहायची. दुसऱ्या वेळी तिथल्या साहेबांनी डब्याचं झाकण उघडून मला दाखवलं. भातावर वाफ नव्हती. "अब की बार देर हुई, तो हम यहीं से मँगवा लेंगे," ते म्हणाले. हसत म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

परतताना सगळा रस्ता मी हिशेबच करत होतो. ते काम गेलं तर काकूंचं निम्मं स्वयंपाकघर बंद, आणि मग माझी गरज कोणाला? घरी परत जाऊन काय सांगायचं, इथवर मी मनात पोचलोसुद्धा.

काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग गाडीले लाव ना काही ताकदीचं. टॉनिक असते ना गाड्यायचं?"

असतं. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ते टांगलेलंच होतं. इंजिनात जास्त हवा घेणारा, छत्रीसारखा एअर फिल्टर. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. दुकानदार भैया म्हणाला, "ये लगाओ, गाड़ी उड़ेगी."

"और कुछ बिगड़ गया तो?"

"तो कुछ और लगा देंगे."

माझ्याजवळ एकाच गोष्टीपुरते पैसे होते. चुकीची निवडली तर दुसरी संधी नव्हती. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणे फिल्टर, दुसरा म्हणे फिल्टरनं काही होत नाही. जो शेवटी पाहिला तोच खरा वाटायचा. दुकानासमोर गाडी लावून मी आत न जाता परत यायचो.

शेवटी काकूच म्हणाल्या, "चाल, मी बसून पाहते तुझ्या गाडीत." गुडघ्यांमुळे त्यांना बसायलाही वेळ लागतो. त्यांची पिशवी ठेवायला मी डिकी उघडली, आणि त्या बसायच्या थांबल्या. आत दुसरी स्टेपनी, पाण्याची मोठी कॅन, दोन जॅक, ओढायची साखळी, लोखंडी पेटी, चाकाखाली लावायला विटा.

"घर बांधून राहिला का रे पोट्ट्या?"

"लागलं तर असावं म्हणून, काकू."

"दोन-दोन स्टेपन्या काहून?"

"एक पंक्चर झाल्यावर दुसरं झालं तर."

 त्या गाडीभोवती फिरल्या. पुढे जाड पाइपाचं गार्ड, मागे तसंच, टपावर लोखंडी कॅरिअर. हे सगळं माझ्या बाबांनी केलेलं. बाबांचं गावात वेल्डिंगचं दुकान आहे. गाडी पहिल्यांदा घरी नेली, तर त्यांनी एका सुटीत ती अशी बांधून दिली. परक्या गावात राहतो, कोणाची ठोकर लागू नये, म्हणाले. आणि खरंच, सदर बाजारात मसाले घ्यायला जावं तर स्कूटरवाले घासून जातात. ओरखडे सगळे गार्डावर, गाडी कोरी.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यायले डॉक्टर काय म्हणाला? ऑपरेशनचं मागून पाहू, आधी वजन उतरवा. लय राग आला होता मले. पण पोळीवरचं तूप सोडलं, तशी पायऱ्या चढून राहिली मी. तू बी उतरव."

"बाबांनी लावलं आहे ते."

"तुझ्यासाठीच लावलं ना? आता त्याच्यापायी तुझं काम जाऊन राहिलं."

मी एकेक नट सोडला.  गाडी उघडीवाघडी दिसायला लागली. पेटी, साखळी, विटा, जास्तीची स्टेपनी खोलीत गेली. पुलावर फरक कळला, पण समोर गार्ड नाही म्हटल्यावर प्रत्येक ट्रक अंगावर येतो असं वाटायचं आणि मी आपोआप ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचो. तेव्हा ठरवलं, पैसे जाणार ते ब्रेकवर. गाडी थांबते याची खात्री असेल तरच मी ती पळवीन.

ब्रेकच्या मिस्त्रीनं गाडी उचलली आणि पुढचं डावं चाक हातानं फिरवून पाहिलं. फिरेना. ब्रेक धरून बसला होता. "भैया, आप तो ब्रेक दबाके ही चला रहे थे," तो म्हणाला. त्यानं तो मोकळा केला, दोन्हीकडे चांगले पॅड टाकले. छत्रीवाला फिल्टर दुकानातच टांगलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी पूल तिसऱ्या गिअरवर चढलो. ट्रकला मागे टाकलं आणि स्वतःच घाबरलो. अभनपूरला साहेबांनी झाकण उघडलं, वाफ चष्म्यावर गेली. त्यांनी लगेच चमचा मागवला.

राहिले बाबा. फोनवर सांगितलं, गार्ड काढलं. तिकडचं मशीन बंद झाल्याचं मला ऐकू आलं. 

"पाइप फेकला का?"

"नाही. काकूंच्या अंगणात आहे."

"त्यायचेच गुडघे दुखतात म्हणत होता ना तू? दाराच्या पायऱ्यायले कठडा लाव त्याचा. जाड पाइप हाय. धरला तर हलणार नाही."

इथल्या एका वेल्डरकडून तो बसवून घेतला. बाबांनी फोनवर त्याला दोनदा जोड कसा घ्यायचा ते सांगितलं, तो बिचारा हव, हव करत राहिला. आता काकू तो धरून चढतात. "लोकं विचारतात, घराले बंपर काहून लावला," म्हणतात, आणि धरायचा सोडत नाहीत.

पण ते ऋण बाबांनी फेडलं. माझं बाकी आहे. पाण्याची कॅन अजून डिकीत असते, माझी काळजी काही सगळी उतरलेली नाही. काकूंचं ऑपरेशन कधीतरी होईल. त्या दिवशी त्यांना याच गाडीतून नेईन आणि आणीन, आणि त्यांचा पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत त्या खाटेवरून सांगतील तसं वरण मी शिजवीन. अभनपूरला ते गरम पोचवीन. हे मी करणार आहे.