त्याचं फोल्डर आज तिला मिळालं

मंडळी, आज ऑफिसमध्ये एका चांगल्या मुलीचा मला फार हेवा वाटला. घरी सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी काढणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. एकाच तक्त्यासाठी दोघं जण स्वतंत्र प्रोग्राम लिहितात. वर्कस्पेस सगळ्यांचा एकच, पण समोरच्याचं फोल्डर आपल्याला उघडत नाही. दोन्ही उत्तरं जुळली की तक्ता बरोबर.

माझा नवरा प्रशांत मूळ प्रोग्राम लिहायचा, मी तपासणीचा. इतकी वर्षं एका घरात राहून त्याचा एकही प्रोग्राम मी पाहिला नाही. उन्हाळ्यात तो वारला. आज त्याचं फोल्डर पारशिवनीहून आलेल्या नव्या श्वेताला मिळालं.

दुपारी ती स्क्रीनकडे बघून हसली.

"काहून हसून राहिली वं?"

"ताई, सरांनी प्रोग्रामच्या मधात लिहून ठेवलंय, 'इथे डोकं गरम होईल, आधी चहा पिऊन ये.' तुम्हाले दाखवू?"

"नको. मले परवानगी नाही."

नियम खरा होता. पण त्याचं बोलणं तिच्या तोंडून मला ऐकवत नव्हतं.

संध्याकाळी तिने त्याचाच प्रोग्राम चालवला. "ताई, जुळलं!" ती ओरडली. पूर्वी उत्तर जुळलं की प्रशांत खुर्ची वळवून म्हणायचा, "चल वं, चहा."

आज मीच उठले. "चल श्वेता, चहा घेऊ."

कॅन्टीनमध्ये शेवटी विचारलंच, "अजून काय काय लिहिलंय त्याने?"

तुम्हीच सांगा, एवढ्याने नियम मोडला का?